‘फोटोत दिसतंय तशी’: नाण्यांच्या ऑनलाइन लिलावातला खरेपणा

जुन्या नाण्यांवर चिंचवडमध्ये बोलायचं, याला एक औचित्य आहे. पेशवाईत या गावात टांकसाळ होती. आज इथे नाणी पाडली जात नाहीत, पण मोबाइलवर बोली लावणारे पुष्कळ आहेत. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतली आपली मुलं शिफ्ट संपवून रात्री लिलाव बघत बसतात. म्हणून आज आपण नाण्यांपेक्षा त्यांच्याखाली लिहिलेल्या ओळी वाचू. कविता वाचतो तशा, एकेक शब्द थांबून.

नेहमी दिसणारी ओळ अशी असते: ‘शिवकालीन शिवराई, अतिदुर्मिळ, वाड्यात सापडलेली, फोटोत दिसतंय तशी.’

पहिला शब्द ‘शिवकालीन’. 1674 च्या राज्याभिषेकानंतर तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं आली. पण हीच अक्षरं महाराजांनंतरही, पार पेशवाईपर्यंत, पाडली गेली. बाजारात सहज मिणारी दुदांडी शिवराई ही त्या उत्तरकाळातली. म्हणजे ‘शिवराई’ हे नाण्याचं नाव झालं, त्याचा काळ नव्हे. विक्रेता नावावरून काळ ठरवतो आणि आपण महाराजांच्या नावाला मान देऊन पैसे मोजतो. इथे फसवणूक भावनेची होते, ती पैशांच्या फसवणुकीपेक्षा जास्त लागते.

मग ‘वाड्यात सापडलेली’. कोणता वाडा? कुठलं गाव? जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा 1878 चा कायदा आहे. वाडा खोदताना नाणं खरंच निघालं असेल तर कळवलं का, हा प्रश्न येतो. निघालंच नसेल, तर ती थाप झाली. आणि अशा थापा साठत गेल्या की कोणतं नाणं कुठे चालत होतं, हा इतिहासच गढूळ होतो.

आता ‘फोटोत दिसतंय तशी’. हे वाक्य खोटं नाही, आणि तीच त्याची चलाखी. फोटोत वजन दिसत नाही. कडेवरचा ओतकामाचा सांधा दिसत नाही. तांबं चिंचेने घासून चकचकीत केलंय, हेही नवख्याला कळत नाही. आम्हीही यात निर्दोष नाही. पूर्वी एक घासलेली शिवराई ‘उत्तम स्थितीत’ असं लिहून आम्ही विकली. घेणाऱ्याने तक्रार केली नाही, कारण त्याला कळलंच नाही. तो विश्वास आठवला की अजून लाज वाटते.

काही ठिकाणी तर वाचायचीही गरज नसते. राम दरबार असलेला, 1818 साल लिहिलेला ईस्ट इंडिया कंपनीचा ‘आणा’ लाखांच्या बोलीत दिसतो. कंपनीची देशभर एकसारखी नाणी सुरू झाली ती 1835 पासून, आणि राम दरबाराचा आणा तिने कधी चलनात आणलाच नाही. तो फार तर देवघरात ठेवायचा टोकन.

कोणी म्हणेल, विक्रेता काही संशोधक नाही. बरोबर आहे. पण 1930 चा वस्तू विक्री कायदा सांगतो की वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. म्हणजे वर्णन हे वचन आहे. जे माहीत नाही त्याचं वचन देऊ नये, एवढंच.

आपल्या पट्ट्यात हे शिकवावं लागत नाही. साधी बुश असली तरी माप घेतल्याशिवाय, इन्स्पेक्शन रिपोर्टशिवाय ती गेटबाहेर जात नाही. ‘दिसतंय तशी’ असं लिहून माल पाठवला तर तो दुसऱ्या दिवशी परत येईल. मग नाण्याला वेगळा न्याय का? वजन ग्रॅममध्ये, व्यास मिलिमीटरमध्ये, दोन्ही बाजू आणि कड यांचे फोटो, घासलंय की नाही, आणि काळ नक्की नसेल तर ‘माहीत नाही’ हे दोन शब्द. ते लिहिल्याने बोली थोडी कमी येईल. पण ज्याच्या लिस्टिंगमध्ये ‘माहीत नाही’ सापडतं, त्याच्या बाकीच्या शब्दांवर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवतो.