विणकामाचे पान : एक दुर्लक्षित संहिता

जुन्या मासिकांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. १९३० साली शं. वा. किर्लोस्करांनी सुरू केलेल्या ‘स्त्री’विषयी लिहिताना तिचे संपादकीय धोरण, कथा आणि त्यातून उठलेले वाद यांची दखल घेतली जाते. स्त्रियांच्या मासिकांतील विणकाम-भरतकामाचे पान मात्र समीक्षेच्या नजरेतून निसटते. कथा वाचून अंक मिटला जाई. हे पान मात्र मांडीशेजारी उघडे ठेवून, टाके मोजत, ओळीओळीने पुन्हा पुन्हा वाचले जाई. सणासुदीसाठी हे जुने नमुने आज पुन्हा हाती घेतले जात आहेत. ते कसे वापरावेत, हा प्रश्न आमच्या मते निव्वळ हौसेचा नाही. तो वाचनाचा आहे.

याबाबत दोन टोकाच्या भूमिका दिसतात. जुना नमुना जसाच्या तसा उतरवला पाहिजे, ही एक. हवे ते घ्यावे आणि मुळाचा उल्लेखही करू नये, ही दुसरी. पहिल्या भूमिकेला मासिकांच्या इतिहासाचाच आधार नाही. फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने डिसेंबर १८५० मध्ये नाताळच्या सजवलेल्या झाडाचे एक चित्र छापले. ते मुळात १८४८ च्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मधील इंग्लंडच्या राजघराण्याचे चित्र होते. अमेरिकन मासिकाने राणी व्हिक्टोरियाच्या माथ्यावरील मुकुट काढला, प्रिन्स अल्बर्टच्या मिशा पुसल्या आणि राजकुटुंबाचे सामान्य गृहस्थाचे कुटुंब केले. झाड तेवढे तेच राहिले. काय ठेवायचे आणि काय वगळायचे, याची जाण असलेला बदल हा परंपरेचा भंग नव्हे; परंपरा अशीच पुढे सरकते.

परंतु बदलाचा अधिकार नीट वाचणाऱ्यालाच मिळतो, आणि या पानांची भाषा वाटते तितकी सोपी नाही. जुन्या ब्रिटिश मोजणीत सुईचा क्रमांक वाढला की सुई बारीक होते : आठ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटरची, दहाची ३.२५ आणि चौदाची २ मिलिमीटरची. आपल्याकडे आठ नंबर, दहा नंबर म्हणतात ते याच हिशेबाने. अमेरिकन आठ क्रमांकाची सुई मात्र ५ मिलिमीटरची असते. क्रोशाच्या टाक्यांचेही तसेच. आपण ज्याला मुका खांब म्हणतो तो इंग्लंडमध्ये ‘डबल क्रोशे’ आणि अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’ ठरतो. नमुना कोणत्या देशातला, हे न पाहता विणायला बसल्यास बाळाचे झबले बाहुलीला किंवा त्याच्या थोरल्या भावाला होण्याचा संभव! लोकरीचे वजन औंसांत दिलेले असते. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. म्हणून प्रथम वीतभर चौकोन विणून टाके मोजून पाहावेत. संहितेची चाचणी घेण्याची ही सर्वांत प्रामाणिक रीत होय.

खरी कसोटी मात्र सणाच्या अर्थाची आहे. परदेशी मासिकातल्या नाताळच्या पट्टीवर हॉलीची काटेरी कडांची पाने आणि लाल फळे असतात. ज्यांच्या घरी नाताळ साजरा होतो त्यांच्याकडे ती शोभतात. तीच पट्टी दिवाळीच्या तोरणासाठी घेतल्यास दारावर आंब्याच्या पानाची जागा भलतेच पान घेते, आणि तोरण निव्वळ शोभेची झालर होऊन बसते. पट्टीची रुंदी, नक्षीची पुनरावृत्ती आणि कडेची वीण जुनी ठेवून पान आंब्याचे केले, तर तो डोळस स्वीकार झाला. बर्फाच्या षट्‌कोनी फुलाचा नमुना संक्रांतीच्या काळ्या झबल्यावर पांढऱ्या दोऱ्याने भरला, तर तो हलव्याच्या दाण्यांशी जुळून जातो. पहिल्या उदाहरणात आकार बदलावा लागला, दुसऱ्यात केवळ जागा. हा विवेक ज्या कामात दिसतो ते काम आम्ही श्रेष्ठ मानतो. केवळ ‘जुन्या अंकातले’ असणे हा गुण नव्हे.

दुसऱ्या भूमिकेविषयी एवढेच म्हणावेसे वाटते की, मुळाचा उल्लेख टाळणे हे कायद्यात बसले तरी औचित्यात बसत नाही. आपल्या कायद्याप्रमाणे निनावी लेखनाचा स्वामित्वहक्क साधारणपणे प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. पण ऋण संपत नाही. यांतील कित्येक नमुन्यांखाली नाव नाही. ते रचणाऱ्या हातांची ओळख म्हणून मासिकाचे नाव, महिना आणि वर्ष एवढेच शिल्लक आहे.

आणि तेच आपण सर्वप्रथम गमावतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत बांधीव अंकांपेक्षा कात्रणेच अधिक सापडतात, आणि कात्रणावर महिना-वर्ष क्वचितच उरते. घर आवरताना अंक रद्दीत जातो, कात्रण डब्यात राहते आणि त्याचे कूळ हरवते. तेव्हा अंक शाबूत असेल तर पान कापू नये. पातळ कागदावर नक्षी उतरवून घ्यावी, मूळ पानावर टाचणीसुद्धा लावू नये. आणि तोरण, रुमाल किंवा झबले पुरे झाले की त्यासोबत एक चिठ्ठी ठेवावी : कोणत्या अंकातून घेतले, काय बदलले, कोणी विणले. पुढच्या पिढीच्या हाती तो नमुना केवळ वस्तू म्हणून न जाता वाचता येण्याजोगा मजकूर म्हणून जाईल.