'लिंबां'च्या बाजारात दाबमापक

वापरलेली मोटारगाडी घेताना तिच्या इंजिनाची झीज कशी ओळखावी, हा प्रश्न खरे तर गॅरेजमधला. पण अशाच प्रश्नातून अर्थशास्त्रातला एक अतिशय गाजलेला निबंध जन्माला आला. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा 'द मार्केट फॉर लेमन्स' हा निबंध १९७० साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता. पुढे २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अ‍ॅकरलॉफ यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या निबंधाचा वाटा मोठा होता. अमेरिकी बोलीत खोड असलेल्या गाडीला 'लेमन', म्हणजे लिंबू, म्हणतात. हा निबंध अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो. विज्ञानाच्या शिक्षकांनीही तो वाचावा असे आम्हांला वाटते. त्यातील युक्तिवाद भक्कम आहे. मात्र ज्या गाडीवर तो उभा आहे तिचे बॉनेट निबंधात कोणी उघडत नाही.

आधी युक्तिवाद पाहू. समजा, बाजारातील गाड्यांचे त्यांच्या मालकांना वाटणारे मोल शून्यापासून २ लाख रुपयांपर्यंत सारखे पसरलेले आहे आणि खरेदीदाराला प्रत्येक गाडी मालकापेक्षा दीडपट मोलाची वाटते. (प्रमाणे निबंधातलीच आहेत, रुपये आमचे.) म्हणजे प्रत्येक सौद्यात दोघांचाही फायदा व्हायला हवा. पण कोणत्या गाडीचे मोल किती, हे फक्त मालकाला ठाऊक आहे. भाव १ लाख असेल तर त्याहून अधिक मोलाची गाडी कोणी विकायला काढणार नाही. उरलेल्या गाड्यांचे सरासरी मोल ५० हजार. खरेदीदाराच्या लेखी ७५ हजार. मग तो लाख रुपये का देईल? भाव ६० हजारांवर आणला तर सरासरी ३० हजारांवर येते, खरेदीदाराच्या लेखी ४५ हजार. भाव कितीही उतरवला तरी हेच होते आणि शेवटी एकही गाडी विकली जात नाही. आठवीचा विद्यार्थी करू शकेल अशा गणितातून एवढा अनपेक्षित निष्कर्ष निघावा, हे या निबंधाचे मोठे यश आहे. खोटेपणाचा तोटा फक्त फसलेल्या गिऱ्हाइकाला होत नाही, तो प्रामाणिक विक्रेत्यालाही बाजाराबाहेर ढकलतो, ही गोष्ट त्यात लख्ख दिसते.

आमचा आक्षेप 'मालकाला ठाऊक असते' या गृहीतकावर आहे. काही काळ गाडी वापरली की मालकाला तिची चांगली कल्पना येते, असे अ‍ॅकरलॉफ धरून चालतात. कारखान्यातूनच खोड घेऊन आलेल्या गाडीबाबत ते खरे असेल. झिजेबाबत ते तितकेसे खरे नाही.

झीज कशी होते ते पाहा. सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. पिस्टन वेगात सरकत असताना हा थर धातूला धातूपासून दूर ठेवतो. वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबून उलट फिरतो. तिथे थर सर्वांत पातळ, तर दाब आणि उष्णता सर्वाधिक. त्यामुळे सिलिंडर वरच्या बाजूला जास्त झिजतो. इंजिन थंड असताना सुरू केले की तेल सर्वत्र पोचलेले नसते आणि न जळलेले पेट्रोल भिंतीवरचे तेल धुऊन नेते. म्हणून रोज चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणारी गाडी, महामार्गावर तेवढेच अंतर सलग कापणाऱ्या गाडीपेक्षा जास्त झिजते. मीटर दोघींना सारखेच गुण देतो! तो चाकांचे फेरे मोजतो. वाहतूक कोंडीत इंजिन चालू असते, मीटर मात्र थांबलेला असतो.

ही झीज इतकी हळू होते की रोज गाडी चालवणाऱ्याला ती जाणवत नाही. ताकद कमी झाली, तर पाय नकळत थोडा अधिक दाबला जातो. मालकाला इतिहास ठाऊक असतो: तेल कधी बदलले, दोन बदलांमध्ये किती भरावे लागले, इंजिन कधी तापले होते का. आजची स्थिती मात्र त्यालाही मोजूनच कळते.

आणि ती मोजता येते. मेकॅनिक गरम इंजिनाचे सर्व प्लग काढतो, इंधन आणि ठिणगी बंद करतो, एका सिलिंडरला दाबमापक लावतो आणि थ्रॉटल पूर्ण उघडून स्टार्टर फिरवतो. समजा, चार सिलिंडरांचे आकडे ११.५, ११.३, ८ आणि ११.४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आले. तिसऱ्यात गळती आहे. आता त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायचे. आकडा चांगला वाढला, तर तेलाने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवल्या असे समजायचे. दोष रिंगांचा किंवा सिलिंडरचा. आकडा जागचा हलला नाही, तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर. (ही तेलाची युक्ती पेट्रोल इंजिनापुरतीच, डिझेलवर ती करू नये.) एका वेळी एकच गोष्ट बदलून कारण शोधणे म्हणजे काय, याचे याहून सोपे उदाहरण आम्हांला सुचत नाही.

अर्थात दाबमापकही आंधळेपणाने मानू नये. बॅटरी उतरलेली असेल तर सगळेच आकडे खाली येतात. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण १५ टक्के कमी असतो. तेच इंजिन तिथे जवळजवळ तेवढाच कमी आकडा दाखवील. कार्बनचा थर साचला असेल तर आकडा उलट फुगतो. क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांविषयी ही चाचणी काहीच सांगत नाही. त्यासाठी गरम इंजिनाच्या तेलाचा दाब पाहावा लागतो. म्हणून एका आकड्यापेक्षा चार सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा आणि एका चाचणीपेक्षा दोन-तीन चाचण्यांचे एकमत महत्त्वाचे.

निबंधात बाजार सावरणाऱ्या उपायांची यादी आहे: हमी, नाममुद्रा, साखळी दुकाने, व्यवसायाचा परवाना. व्यापाऱ्याच्या पारखण्याच्या कौशल्याचाही उल्लेख येतो. पण हे सगळे उपाय कोणावर विश्वास ठेवावा हे सांगणारे आहेत. खरेदीदार स्वतः मोजून पाहू शकतो, या शक्यतेला त्यात स्वतंत्र जागा नाही. ही आम्हांला निबंधाची खरी उणीव वाटते. १९८२ साली एरिक बाँड यांनी अमेरिकेतील जुन्या पिकअप ट्रकांची आकडेवारी तपासली. वय आणि धाव सारखी असता, विकत घेतलेल्या जुन्या ट्रकांना मूळ मालकाकडेच राहिलेल्या ट्रकांपेक्षा अधिक दुरुस्ती लागते असे त्यांना आढळले नाही. निबंधातील गणित चुकले असे याने ठरत नाही. पण त्या बाजारात अज्ञान युक्तिवादाला हवे तेवढे दाट नव्हते, असे मात्र म्हणता येते.

तरीही निबंधाचा गाभा टिकतो. विक्रेता गिऱ्हाईक येण्याआधीच इंजिन गरम करून ठेवू शकतो, म्हणजे थंड इंजिनाची खडखड ऐकू येत नाही. जाड तेल घालून धूर आणि आवाज काही दिवस लपवू शकतो. जाणूनबुजून लपवलेली माहिती ही बाब खरी आहेच. म्हणून गाडी थंड असतानाच पाहायला जावे आणि चाचणीचा आग्रह धरावा. विक्रेत्याने चाचणीला नकार दिला, तर तो नकारही एक माहितीच असते.

पणाला लागते ते खरेदीदाराच्या पैशापेक्षा अधिक आहे. ज्याने वेळेवर तेल बदलले, पावत्या जपल्या, त्याला आणि ज्याने गाडी नुसती दामटली, त्याला मीटरच्या एकाच आकड्यावर एकच भाव मिळत असेल, तर निगा राखण्याची किंमत बाजारात शून्य होते. तिला किंमत मिळवून देण्याचे काम दाबमापक करतो.

अकरावी-बारावीच्या वर्गात या निबंधातले सोपे गणित फळ्यावर जरूर मांडावे. त्यानंतर जवळच्या गॅरेजमधून एका इंजिनाचे चार आकडे लिहून आणावेत आणि मुलांना विचारावे: हे आकडे दोघांनाही दिसले, तर मघाच्या गणितात काय बदलेल?