‘रून’ : गूढ की गूज?

उत्तर युरोपातल्या प्राचीन ‘रून’ लिपीचा उल्लेख आला की आपले भाषांतरकार हमखास ‘जादू’, ‘गूढ’ असे शब्द वापरतात. या शब्दाचा इतिहास मात्र निराळा आहे. तो केल्टिक आणि जर्मॅनिक अशा दोन्ही कुळांत आढळतो. जुन्या आयरिशमध्ये ‘रून’ म्हणजे गुपित; वेल्शमधल्या ‘ऱ्हिन’चा अर्थही तोच. चौथ्या शतकात वुल्फिलाने गॉथिक बायबलमध्ये ग्रीक ‘मिस्टेरिऑन’साठी ‘रूना’ योजला. जुन्या इंग्रजीत त्याला मसलत असाही अर्थ होता आणि जर्मन ‘राउनेन’ म्हणजे कुजबुजणे.

म्हणजे हे गुपित कुणाच्या तरी कानात विश्वासाने सांगितलेले असते. म्हणूनच आयरिशमध्ये जिवलगाला ‘अ रून’ अशी हाक मारतात आणि चिटणिसाला ‘रूनी’ म्हणतात. फिनिशने जर्मॅनिककडून घेतलेल्या ‘रुनो’चा अर्थ तर कविता असा झाला. खुद्द लिपीही नेहमी मंत्रतंत्राची नव्हे: डेन्मार्कमध्ये विमोसे येथे मिळालेल्या, सुमारे इ.स. 160 मधल्या कंगव्यावर ‘हार्या’ एवढेच कोरले आहे. ते बहुधा नाव असावे.

भारतीय भाषांना हा प्रवास ओळखीचा आहे. ‘मंत्र’ म्हणजे मसलतही, तिच्यावरूनच ‘मंत्री’. मराठीत ‘गुह्य’पासून ‘गूज’ आले आणि पुढे ‘हितगुज’ झाले. आयरिश कवितेतल्या ‘रून’साठी म्हणूनच ‘गूज’ घ्यावे. ‘गूढ’ म्हटले की ऐकणारे माणूसच कवितेतून नाहीसे होते.