पाण्याची संगणकीय प्रतिमाने : गुण कशास द्यावेत?

द्रवरूप पाण्याचे आण्वीय गतिकीच्या रीतीने सदृशीकरण करण्याचा पाया अनीसुर रहमान व फ्रँक स्टिलिंजर यांनी १९७१ मध्ये घातला. त्यांच्या गणितात अवघे २१६ रेणू होते. त्यानंतर अनेक प्रतिमाने पुढे आली. त्यांच्या निष्कर्षांचे पाण्याच्या गुणधर्मांशी जुळणे कितपत अर्थपूर्ण आहे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

१९८३ मधील टिप-३-पी या प्रतिमानात २५ अंश सेल्सिअसला पाण्याची घनता व बाष्पीभवनाची ऊर्जा चांगली जुळते. परंतु ती जुळावी म्हणूनच त्यातील प्राचले निवडलेली होती. त्याबाहेरचे प्रश्न विचारताच स्थिती पालटते. या प्रतिमानातील बर्फ सुमारे १४६ केल्व्हिनलाच वितळते आणि रेणूंचे विसरण खऱ्या पाण्याच्या दुपटीहून अधिक वेगाने होते. तरीही प्रथिनांच्या अभ्यासात ते रूढ आहे, कारण तेथील बलसूत्रे त्याच्याच सोबतीने घडविली गेली. अशा पाण्यातील प्रथिनांच्या हालचालींवरून काढलेली कालमाने सावधपणेच स्वीकारावीत.

आबास्काल व वेगा यांचे टिप-४-पी/२००५ हे प्रतिमान निःसंशय सरस आहे. याच दोघांनी २०११ मध्ये निरनिराळ्या प्रतिमानांना दहापैकी गुण दिले, तेव्हा तेच प्रथम आले. मात्र त्या गुणपत्रिकेत कमाल घनतेच्या तापमानालाही स्थान आहे, आणि ते तापमान जुळवणीत आधीच समाविष्ट होते. आमच्या मते या प्रतिमानाचे खरे श्रेय श्यानता व विसरण यांत आहे. त्यांवर जुळवणी केलेली नसूनही ती प्रयोगाच्या जवळ येतात. उलट, विद्युत् अपारक स्थिरांक ७८ ऐवजी ६० च्या आसपास येतो व बर्फ सुमारे २५० केल्व्हिनला वितळते. वितळबिंदू सुधारण्यासाठी रचलेल्या टिप-४-पी/आइसमध्ये कमाल घनतेचे तापमान २७७ वरून २९५ केल्व्हिनपर्यंत सरकते.

हा दोष प्राचलांचा नसून रचनेचा आहे. बाष्पातील एकाकी रेणूचे द्विध्रुव परिबल १.८५ डिबाय असते. द्रवात शेजाऱ्यांच्या प्रभावाने ते वाढते. स्थिर विद्युत्भारांच्या प्रतिमानात मात्र ते सर्वत्र सारखेच, सुमारे २.३ डिबाय, राहते. एमबी-पोलसारखी अलीकडील प्रतिमाने ही उणीव पुंजयामिकीच्या आधारे भरून काढतात. त्यासाठी गणनेचा भार पुष्कळ वाढतो.

तात्पर्य, प्रबंधात ‘प्रयोगाशी जुळते’ एवढेच लिहून भागणार नाही. काय जुळवून घेतले व काय आपोआप जुळले, हे विद्यार्थ्याने वेगळे नोंदवावे. गुण दुसऱ्यासच द्यावयाचे असतात.