राजाश्रय, लोकाश्रय आणि होनाजी बाळा

मराठी शाहिरीच्या अभ्यासात होनाजी शिलारखाने याचा उल्लेख बहुधा दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातील लावणीकार एवढाच केला जातो. बाजीरावाची कारकीर्द (१७९६–१८१८) हा लावणीच्या बहराचा काळ होता, हे खरे. रचना होनाजीची आणि गळा बाळा करंजकराचा; त्यामुळे ‘होनाजी बाळा’ हे एका व्यक्तीचे नव्हे, तर एका जोडीचे नाव ठरते. होनाजीने लावणीला रागदारीच्या चाली दिल्या व ढोलकीच्या जागी तबला आणला. या बदलांमागे बैठकीतील श्रोत्यांची अभिरुची दिसून येते.

तथापि दरबार हीच त्याच्या मूल्यमापनाची एकमेव कसोटी मानणे अपुरे आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि आश्रयदाता बिठूरला गेला. परंतु होनाजीची श्रीकृष्णाची भूपाळी लोकांच्या ओठी टिकली व १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ चित्रपटाचा आधार झाली.

दरबारानंतर आश्रय कोणी दिला, याचे उत्तर जुन्नर-आंबेगाव परिसरात मिळते. यात्रेच्या हंगामापूर्वी नारायणगावच्या राहुट्यांवर गावोगावचे पुढारी तमाशाची सुपारी देण्यासाठी येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांना १९५७ व १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान लाभला. फड मात्र गावजत्रांच्या सुपारीवर चालला.

राजाश्रयाने लावणीला घडण दिली, आयुष्य लोकाश्रयाने दिले. म्हणूनच अध्यापनात शाहिरीचा इतिहास पेशवाईच्या अस्तापाशी थांबविणे म्हणजे तिच्या खऱ्या आश्रयदात्यालाच वगळणे होय.