अर्धी वाचलेली वचने

ख्रिस्तशरीर हातावर स्वीकारावे की जिभेवर, या प्रश्नावरून आपल्या कुटुंबांत आजही मतभेद होतात. मतभेदाला हरकत नाही. परंतु दोन्ही पक्ष ज्या लेखांचा आधार घेतात, ते लेख ते अर्धेच वाचतात. म्हणून त्या आधारांचीच येथे थोडी चिकित्सा करू.

हातावर स्वीकारणारे चौथ्या शतकातील, यरुशलेमचे बिशप संत सिरिल यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या प्रवचनांकडे बोट दाखवितात. येणाऱ्या राजासाठी आसन करावे तसा डावा हात उजव्या हाताखाली धरावा, असे त्यांत सांगितले आहे. मात्र तेथेच, सोन्याच्या कणांहूनही अधिक जपून एकही कण सांडू न देण्याची ताकीद आहे. चालता चालता ख्रिस्तशरीर तोंडात टाकणाऱ्याला हा आधार कसा लाभावा? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ही मुभा दिली, हे विधानही टिकत नाही. परिषदेच्या १९६३ सालच्या उपासनाविषयक घटनापत्रात तिचा उल्लेखच नाही. मुभेची वाट उघडली ती १९६९ सालच्या 'मेमोरियाले डोमिनी' या पत्रकाने.

जिभेवर स्वीकारण्याचा आग्रह धरणारे हेच पत्रक पुढे करतात. जगभरातील १,२३३ बिशपांनी नव्या प्रथेला नकार दिल्याची नोंद त्यात आहे आणि जुनी रीत कायम ठेवल्याचा निर्णयही आहे. परंतु प्राचीन काळी भाविक हातावर स्वीकारीत असत, हे तेच पत्रक मान्य करते. आणि जेथे ती प्रथा रुजली होती, तेथील बिशपांना दोन तृतीयांश मतांनी ठराव करून रोमकडे अनुमती मागता येईल, असेही सांगते. 'सामान्य माणसाचा हात अपात्र' हा युक्तिवाद तर पूर्वेकडील बिशपांच्या ६९२ सालच्या त्रुल्लो परिषदेनेच खोडला होता. काही जण हाताऐवजी सोन्याची पात्रे घेऊन येत. देवाच्या प्रतिमेपेक्षा निर्जीव धातू श्रेष्ठ ठरू नये, म्हणून परिषदेने ती पात्रे नाकारली आणि हातांचा क्रूस करून पुढे यावे, असे ठरविले.

२००४ सालच्या 'रेडेम्प्शनिस साक्रामेंतुम' या सूचनापत्रात दोन्ही बाजूंना जागा आहे. जिभेवर स्वीकारण्याचा हक्क प्रत्येक भाविकाला सदैव आहे. जेथे अनुमती आहे, तेथे हातावर द्यावे. विटंबनेचा धोका असल्यास देऊ नये. केवळ गुडघे टेकले वा उभा राहिला म्हणून कोणालाही वंचित ठेवू नये. २०२० च्या महामारीत अनेक धर्मप्रांतांनी केवळ हातावर देण्याचे ठरविले, तेव्हा ज्यांचे मन दुखावले, त्यांच्या दुःखामागेही श्रद्धाच होती.

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय या वादात वारंवार उद्धृत होतो. तोही पूर्ण वाचावा. पौलाचा संताप हात की जीभ यासाठी नाही. प्रभुभोजनाला जमलेल्यांपैकी कोणी भरपेट जेवतो आणि कोणी उपाशी राहतो, यासाठी आहे. रांगेतील शेजाऱ्याकडे तुच्छतेने पाहून वेदीकडे जाणाऱ्याने, मग तो हात पुढे करो वा जीभ, हा अध्याय पुन्हा वाचावा.

प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी करणाऱ्या मुलांना पालकांनी दोन्ही रीती शिकवाव्यात आणि एका रीतीने दुसरीला हिणवू नये, हेही शिकवावे.