सुरक्षा गुणक १.१७, तरीही उतार घसरला

सॅन फ्रान्सिस्को बंदरात १९७० साली नव्या धक्क्याच्या कामासाठी खाडीच्या मऊ चिखलात, पाण्याखाली, खोल चर खणण्यात येत होता. अशा चराच्या बाजूंना तेथे एरवी ४५ अंशांचा उतार देत. या वेळी खोदाईचा व भरावाचा खर्च वाचावा म्हणून तो सुमारे ४९ अंश ठेवला. गणिताने सुरक्षा गुणक १.१७ आला. मातीची ताकद भागिले उतार टिकण्यासाठी लागणारी ताकद, म्हणजे हा गुणक. तो एकपेक्षा मोठा, म्हणजे उतार उभा राहायला हवा. ऑगस्टमध्ये सुमारे ७५ मीटर लांबीची बाजू घसरली.

जे. मायकेल डंकन यांनी २००० साली अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात हे उदाहरण दिले आहे. निबंधाचा मोठा गुण असा की त्याला अवघड गणित लागत नाही. चिखलाची ताकद नमुन्यागणिक बदलते. तेव्हा एकेक गुणधर्म सरासरीहून एका प्रमाण विचलनाने वाढवून आणि घटवून गुणक पुन्हा काढायचा. त्या फरकांवरून गुणकाचे स्वतःचे प्रमाण विचलन मिळते. येथे ते ०.१८ निघाले. म्हणजे धोक्याची सीमा, एक हा आकडा, सरासरीपासून एक विचलनही दूर नव्हता! घसरण्याची संभाव्यता आली सुमारे १८ टक्के. ४५ अंशांच्या नेहमीच्या उताराचा गुणक १.२५ होता. तेवढीच टक्केवारीची अनिश्चितता धरून मी हिशेब केला, तर तेथेही दहा टक्क्यांच्या आसपास संभाव्यता येते. त्या उतारालाही निर्धास्त म्हणता येणार नव्हते.

माझा आक्षेप दुसऱ्या ठिकाणी आहे. पुरेसे नमुने नसतील तेव्हा डंकन सांगतात, की त्या गुणधर्माची कल्पनेत येणारी कमाल व किमान किंमत ठरवा आणि त्यांतील अंतराला सहाने भागा. ते प्रमाण विचलन. पण माणसाची कल्पना तोकडी असते. वर्गात करून पाहा. शाळेच्या मैदानाची लांबी 'यापेक्षा कमी नाहीच, यापेक्षा जास्त नाहीच' अशा दोन आकड्यांत प्रत्येकाला लिहायला सांगा, मग टेप लावा. खरी लांबी किती जणांच्या आकड्यांबाहेर पडते, ते मोजा. (शिक्षकांनीही आपले आकडे आधी लिहावेत.) सहाऐवजी चाराने भागावे लागले, तर विचलन दीडपट होते, वरच्या उदाहरणात ०.१८ चे ०.२७ झाले असते आणि संभाव्यता पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेली असती. चिखल तोच, चरही तोच. बदलला तो फक्त आपल्या अज्ञानाचा अंदाज. निबंध वाचताना ही गोष्ट सहज निसटते, कारण १८ टक्के हा आकडा त्या उताराचाच गुणधर्म असल्यासारखा वाटतो.

शिवाय तो चर पाण्याखालीच होता, तेव्हा पावसाने फरक पडण्याचा प्रश्न नव्हता. आपल्याकडे ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर मुसळधार पावसात डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे गेली. अशा उतारात मातीच्या छिद्रांतील पाण्याचा दाब तासागणिक बदलतो आणि तोच ताकद घटवतो. दाब मोजणारी नळीच बसवलेली नसेल, तर त्याची कमाल व किमान किंमत कोणी, कशावरून सांगायची?